सरांची लुना दिसली की लोक मागच्या दाराने पळायचे

आमच्या गणिताच्या सरांना गावातली मोठी माणसं घाबरायची, ते छडीमुळे नाही तर खिशातल्या पावती पुस्तकामुळे. साखर कारखान्याकडून उसाची पहिली उचल जमा झाली रे झाली की संध्याकाळी सरांची लुना दारात हजर. आमचे दादा तर एकदा त्यांना बघून गोठ्यात जाऊन बसले, तर सर गोठ्यातच आले, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले म्हैस झकास आहे हो, दूध किती देते, आणि बोलता बोलता शाळेच्या लॅबच्या पत्र्यासाठी पन्नास रुपये घेऊन गेले. पावती मात्र तिथल्या तिथे, कार्बन घालून, दाबून लिहिलेली. पाच रुपये दिले तरी पावती. आणि चहा कुणाच्याच घरी नाही, पित्त होतं म्हणायचे. शाळेत मात्र शिपाई मामांच्या हातचा काळा चहा दिवसभर चालायचा, तिथे पित्त कुठे जायचं देव जाणे.

रयत शिक्षण संस्थेची शाळा म्हटल्यावर ती काढणारे कर्मवीर अण्णा, म्हणजे भाऊराव पाटील, आलेच. 22 सप्टेंबरला जयंती, पहाटेपासून लेझीम, मिरवणूक, मग भाषणं. 1919 ला काले गावात संस्था निघाली, 1924 ला साताऱ्याला आली, 1927 ला गांधीजी पोरांचं बोर्डिंग बघून गेले, हे सगळं आम्हाला पाढ्यासारखं पाठ. सर यातलं काहीच सांगायचे नाहीत. ते अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं सांगायचे, म्हणजे रयतमाऊलींचं. चांगल्या खात्यापित्या घरातली बाई, सोवळं ओवळं पाळणारी, आणि नवऱ्याने सगळ्या जातीची पोरं घरात आणून एका पंगतीला बसवली तर हिने त्यांना जेवू घातलं, दुखलंखुपलं बघितलं, एकेक करून दागिने दिले. आणि एक दिवस अण्णा गावाला गेलेले, पोरं भुकेली, बोर्डिंगात दाणा नाही, तेव्हा गळ्यातलं मंगळसूत्र पण काढून दिलं.

इथपर्यंत ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना माहितीय. पण सर गणिताचे ना, ते फळ्याकडे वळायचे आणि म्हणायचे चला आता हिशेब करा. एका पोराला दोन वेळच्या भाकरी किती, पायलीभर ज्वारीत भाकरी किती होतात, पोरं किती, सोन्याचा भाव काय, सगळे आकडे अंदाजाने धरलेले, आणि आम्ही दहावीची पोरं बेंचवर बसून एका मंगळसूत्राच्या भाकरी मोजतोय. उत्तर थोड्याच दिवसांचं आलं. वर्ग गप्प. मग मागच्या बेंचवरच्या एका पोरीने विचारलं, सर मग पुढे काय? सर म्हणाले, पुढे काय, अण्णा परत मागायला बाहेर पडले.

मला वाटतं मी शाळेत शिकलो ते एवढंच. कीर्तनात सांगतात की पैसा म्हणजे माती, ऐकायला बरं वाटतं, पण अण्णांनी आयुष्यभर ती माती दारोदार फिरून गोळा केली, घराघरातून मूठमूठ धान्य सुद्धा सोडलं नाही. निःस्वार्थी माणसाला पैशाचं काही पडलेलं नसतं असं आपल्याला वाटतं ना, साफ चूक, त्याला आपल्यापेक्षा जास्त पडलेलं असतं, फक्त स्वतःसाठी नसतं. मी स्वतः बँकेत कर्ज विभागात आहे, मला पैसा आवडतो, खोटं कशाला बोलू. पण दोन फ्लॅट असलेला माणूस तिसऱ्याच्या ईएमआयसाठी रात्र रात्र जागतो हे मी रोज बघतो, आणि पावती पुस्तकवाले सर रात्री शाळेतच अभ्यासिकेच्या पोरांबरोबर सतरंजीवर घोरत असायचे हे पण मी बघितलंय.

अभ्यासिका फुकट होती हे आजच्या पोरांना सांगायला पाहिजे. कराडातल्या एका क्लासवाल्याने सरांना चांगले पैसे देऊ केले होते, सर गेले नाहीत. आता यात सरांचं कौतुक सगळे करतात, पण त्यांच्या घराला कित्येक वर्षं प्लास्टर नव्हतं आणि त्या घरात काकू राहत होत्या. अभ्यासिकेला आमटीचं पातेलं त्याच पाठवायच्या, तिखटजाळ, वर कटाचा तवंग. त्यांना कुणी विचारलं का कधी? त्यागाचा फोटो नवऱ्याचा लागतो आणि दागिना बायकोचा मोडतो, हे माझं मत आहे, कुणाला पटो न पटो. लक्ष्मीबाई तर 1930 लाच गेल्या, संस्थेचा वटवृक्ष झालेला त्यांनी बघितलाच नाही.

आता जरा आपल्या बॅचच्या ग्रुपबद्दल, स्मरणिकेच्या संपादक मंडळाने कापलं नाही तर. शाळेच्या महोत्सवाचा निधी गोळा करताना महिनाभर वाद कशावर, तर संगमरवरी फलकावर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली. एकाने तर वर्गखोलीला आईचं नाव देणार असाल तरच पैसे असं लिहिलं. मला सरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट आठवली, साताऱ्यात 1947 ला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, पैशाची ओढाताण, आणि एक धनिक म्हणाला नाव बदला, मोठी रक्कम देतो. अण्णांनी सपशेल नकार दिला. नाव राहिलं, पैसे गेले, कॉलेज आजही उभं आहे. हे मी ग्रुपवर टाकलं तर तिघांनी अंगठा दिला आणि वाद पुढे चालू.

सरांना मागच्या आठवड्यात फोन केला, आता ऐकू कमी येतं. म्हटलं कार्यक्रमाला गाडी पाठवतो, स्टेजवर तुमचा सत्कार आहे. ते सत्काराचं सोडून मुलींच्या टॉयलेटचं काम कुठवर आलं ते विचारत बसले. अर्धवट आहे म्हटल्यावर म्हणाले तू किती दिलेस? मी आकडा सांगितला. म्हणाले, बँकेत आहेस ना रे तू?

वाढवलाय सर. पावती शाळेतल्या मॅडमकडून घेतली.