शिंगाडा तलावाचे बंबवाले

शिंगाडा तलावातला तलाव आता फक्त पत्त्यात उरलाय. तिथे गाड्यांच्या सीट कव्हरांची दुकानं आहेत आणि महापालिकेच्या अग्निशमन दलाचं मुख्यालय. आगीचे बंब तळ्याच्या नावाने राहतात, हे नाशिकला शोभतंच. कारण इथल्या बंबवाल्यांच्या नशिबी आगीइतकंच पाणी आहे.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गाव गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठावर, लोटतं. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, ही आपली पूर मोजायची पट्टी. २००८ च्या सप्टेंबरात आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती पट्टीच बुडायची वेळ आली. आपण पुलावरून मोबाइल धरून उभे असतो; हे लोक दोर आणि लाइफ जॅकेट घेऊन खाली, काठावर. एरवीही रामकुंडात कोणी बुडालं की वर्दी यांनाच जाते.

पावसाळ्यात जुन्या नाशकातले वाडे पडतात, ते आणखी निराळं दुखणं. पांढऱ्या मातीची भिंत पाणी पिऊन फुगते आणि नेमकी रात्री बसते. तिवंधा, भद्रकालीकडच्या बोळांत मोठा बंब शिरतच नाही. मग ढिगारा घमेल्याने उपसायचा, तोही हळू, कारण खाली माणूस असू शकतो. आग असली तर होजला होज जोडत गल्लीच्या तोंडापासून आत जायचं. एवढ्यात बघ्यांपैकी कोणीतरी "उशीर केला राव!" म्हणतोच. दुचाकी आडवी लावणाराही बहुधा तोच असतो.

१४ एप्रिलला यांचा अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा शेजारी शेजारी! आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. नाशकात त्याच दिवशी आंबेडकर जयंतीची मिरवणूक, त्यामुळे मानवंदना उरकून जवान बंदोबस्ताला.

आणि संक्रांत. नायलॉन मांजावर बंदी आहे, असं ऐकतो. झाडाच्या शेंड्याला त्याच मांजात कावळा लटकतो, खालून कोणीतरी १०१ फिरवतं. जवान शिडी लावून चढतो, दोरा कापतो, तर कावळा त्यालाच टोच मारतो; आणि शेजारच्या गच्चीवर डीजेच्या वर आवाज काढून पतंग कापल्याचं "गई बोला रे!" चालूच.