विहिरीतला लाल पट्टा

रविवार, वैशाख

काल रात्री मोबाईलवर मेरापी पाहत जागलो. जावा बेटावरचा हा जिता ज्वालामुखी, माथ्यावर लाव्हाचा घुमट. दिवसा तो नुसता राखाडी ढिगारा दिसतो, कडेनं पांढरी वाफ. अंधार पडला की अंगावर लाल भेगा उमटतात, एखादा तुकडा सुटतो आणि ठिणग्या उडवत उतारावर घरंगळत जातो.

हा लाव्हा पिठल्यासारखा घट्ट, त्यात सिलिका, म्हणजे वाळूतलं द्रव्य, जास्त. म्हणून दूर वाहत नाही, तोंडाशीच साचतो. वरून थिजतो, आतून नवा रेटा येतो. तोल गेला की ढासळतो, आणि तापलेली राख, दगड, वायू यांचा लोट खाली सुटतो. त्याच्यापुढं पळून वाचणं अशक्य. २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. डोंगराचे वयोवृद्ध राखणदार मबाह मारिजान घर सोडून गेलेच नाहीत, तिथंच गेले.

आज सकाळी शेतात विहिरीत उतरलो. वर काळी माती, मग मुरूम, मग छिद्राछिद्राचा दगड, छिद्रांत पांढरे खडे चमकणारा. त्याखालचा काळा पाषाण सुरुंगानंच फुटला. आणि त्याच्या बुडाशी वीतभर लाल पट्टा! "हे लाल हातानं निंगते, खाली पुन्हा गोटाच हाये," खोदणारे काका म्हणाले.

हा काळा पाषाणही लाव्हाच. पण आपला, दख्खनचा लाव्हा पातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आला आणि कोसच्या कोस पसरला. थरावर थर चढले, घुमट काही झाला नाही. दोन थरांमध्ये मोठी उसंत मिळाली तिथं खालच्याचा माथा ऊनपावसात झिजून माती झाला. तीच ही लाल माती. बोटानं खरवडली तर भुकटी निघते. किती पावसाळे असतील या वीतभरात!

मेरापीच्या उतारावरचे शेतकरी राख निवली की परत शेतात जातात. लोक त्याला वेडेपणा म्हणतात, मला पटत नाही. तीही ज्वालामुखीची कसदार जमीन, आपल्या काळीसारखीच. ती कोण सोडेल? त्यांना जपतात ते रात्रंदिवस डोंगरावर नजर ठेवणारे निरीक्षक. २०१० मध्ये हादरे आणि वायू मोजून त्यांनी धोक्याची हद्द १० वरून १५, मग २० किलोमीटर केली. हजारो जीव वाचले.

विहीर बांधताना लाल पट्ट्याचा हातभर भाग उघडा ठेवा, असं उद्या मिस्त्रीला सांगतो. शाळेतल्या पोरांना दाखवायचाय.