वन्यजीव व्यवस्थापनाच्या पदवीसाठी कॉलेज कसं पारखाल

वन्यजीव व्यवस्थापन शिकवणाऱ्या कॉलेजांच्या माहितीपत्रकावर हमखास एखादा रुबाबदार प्राणी असतो. त्यावरून काही कळत नाही. कळतं ते विषयांच्या यादीवरून, आणि ती यादी शेवटाकडून वाचायची असते. पदवी हातात आल्यावर ज्या पदासाठी अर्ज करायचा आहे, त्याच्या पात्रतेच्या अटी आधी काढा. त्या कागदावर डावीकडे लिहा आणि प्रत्येक अटीसमोर कॉलेजचा कुठला विषय, किती क्रेडिटचा बसतो ते भरत जा. उजवीकडची जागा रिकामी राहिली, तर कॉलेज कितीही नावाजलेलं असो, ती कसर पुढे तुम्हालाच भरून काढावी लागणार.

अमेरिकेचंच बघा. तिथे संघराज्य सरकारच्या ‘वाइल्डलाइफ बायॉलॉजिस्ट’ पदासाठी, म्हणजे सरकारी पदांच्या वर्गवारीतल्या ०४८६ या मालिकेसाठी, जीवशास्त्राच्या पदवीत किमान ९ सेमिस्टर-क्रेडिट वन्यजीवांच्या विषयांचे, १२ प्राणिशास्त्राचे आणि ९ वनस्पतिशास्त्राचे लागतात. भारतीय वन सेवेच्या परीक्षेची अट वेगळी. तिथे पदवीत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र, रसायनशास्त्र अशा ठरावीक विषयांपैकी निदान एक हवा, नाहीतर पदवी कृषी, वानिकी किंवा अभियांत्रिकीची हवी. अशा तपासणीत वर्गात काय शिकवलं याच्या आधी गुणपत्रिकेवर काय छापलंय ते बघितलं जातं. चार पेपरांत चांगलं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण छापील नाव ‘पर्यावरण अध्ययन’ असेल, तर अर्ज तपासणारा ते वनस्पतिशास्त्रात धरेलच असं नाही. त्यामुळे मागच्या तुकडीतली एखादी गुणपत्रिका, नाव झाकून, दाखवायला सांगा. ही मागणी अजिबात वावगी नाही.

गाडी अडते ती बहुधा वनस्पतींपाशी. मुलं प्राण्यांच्या ओढीने येतात, म्हणून काही ठिकाणी वनस्पतिशास्त्र ऐच्छिक करून टाकतात. प्रत्यक्ष कामात मात्र प्राण्याला हात लागण्याचे प्रसंग थोडे आणि अधिवासात हात घालण्याचे फार. कुठलं गवत चरलं जातंय, कुठलं तण त्याला गिळतंय, कुरण जाळायचं की कापायचं, पाणवठा नेमका कुठे करायचा, यातला एकही निर्णय झाडोरा ओळखल्याशिवाय घेता येत नाही. कॉलेजला भेट द्याल तेव्हा शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर आवारात फिरा आणि पाच झाडंझुडपं, दोन गवतं ओळखायला सांगा. गवतांवर गाडी अडली तर समजण्यासारखं आहे, ती कठीणच असतात. पण झुडपांवरही अडली तर काळजीचं कारण आहे. हर्बेरियमचं, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचं, कपाट उघडायला लावा आणि नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा वाचा. अलीकडचा एकही नमुना नसेल, तर संग्रह फक्त पाहुण्यांना दाखवण्यापुरता उरलाय.

दुसरी जागा संख्याशास्त्राची. इथे जरा थांबू, कारण गणित टाळायला म्हणून या शाखेकडे वळणारे पुष्कळ असतात आणि तिथेच फसतात. समजा, एका तळ्यातली ४० कासवं पकडून, खूण करून सोडली. काही दिवसांनी ५० पकडली, त्यात २० खुणेची निघाली. खुणेच्या कासवांचं या पकडीत जे प्रमाण, तेच अख्ख्या तळ्यात धरायचं. सरळ हिशेब: ४० गुणिले ५०, भागिले २०, म्हणजे अंदाजे १०० कासवं. आता त्या २० पैकी चौघांच्या खुणा मधल्या काळात गळून पडल्या असतील, तर तुम्हाला खुणेची १६च दिसतील आणि उत्तर येईल १२५. एकही कासव न वाढता संख्या पंचवीस टक्क्यांनी वाढली. या आकड्यावर कोणी पकडण्याचा परवाना दिला, तर नुकसान खरं होतं. पद्धत कुठली गृहीतं धरून चालते आणि ती मोडली की आकडा वर जातो की खाली, हे ज्याला सांगता येतं त्याला विषय शिकवला गेलाय. हाच प्रश्न शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. सूत्र आठवलं नाही तरी चालेल, दिशा सांगता यायला हवी.

अभ्यासक्रमात संख्याशास्त्राचा एकच पेपर असेल आणि तो सरासरी, प्रमाण विचलन आणि टी-टेस्टवर संपत असेल तर तो अपुरा आहे. रिग्रेशन (एक गोष्ट दुसरीबरोबर कशी बदलते ते मोजणं), नमुना निवड आणि ‘प्राणी होता पण दिसला नाही’ याचा हिशेब करणाऱ्या पद्धती यायलाच हव्यात. संख्याशास्त्रासाठीचं आर आणि नकाशांसाठीचं क्यूजीआयएस ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात, तेव्हा ‘लायसन्स नाही म्हणून शिकवत नाही’ ही सबब ऐकून घेऊ नका.

फील्डवर्कबद्दल ‘भरपूर असतं’ हे उत्तर स्वीकारू नका. विचारा: पूर्ण पदवीत किती दिवस, कुठल्या ऋतूत, एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, आणि त्यातले किती तास मुलं स्वतः मोजणी करतात. जीपमधून केलेली अभयारण्याची सहल आणि पहाटे पायी केलेला ट्रान्सेक्ट (ठरलेल्या रेषेवरून चालत केलेली प्राण्यांची मोजणी) वेळापत्रकात एकाच नावाने, ‘फील्ड व्हिजिट’ म्हणून, लिहिलेले असू शकतात. साधनंही मोजा. तीस मुलांत अंतर मोजणारे दोन रेंजफाइंडर आणि एक कंपास असेल, तर बाकीचे बघे होतात.

सगळ्यांत जास्त सांगून जातो तो विद्यार्थ्याने भरलेला जुना डेटा शीट. लाइन ट्रान्सेक्टचा असेल तर त्यात वेळ, कळपातली संख्या, प्राण्यापर्यंतचं अंतर आणि रेषेपासूनचा कोन हवा, कारण याच दोन मोजमापांतून रेषेपासूनचं लंब अंतर काढतात. सगळी अंतरं ५०, १००, १५० अशी गोल दिसली, तर मोजलेलं काही नाही, नजरेचा अंदाज लिहिलाय. शून्याच्या नोंदीही शोधा. ज्या फेरीत काहीच दिसलं नाही तिचा कागदच नसेल, तर घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे प्राण्यांची संख्या, फुगते. शिवाय अंतरांवरून संख्या काढण्याच्या या पद्धतीला विश्वासार्ह उत्तरासाठी साधारण ६० ते ८० नोंदी लागतात. दोन दिवसांच्या शिबिरात त्या सहसा जमत नाहीत. म्हणून मागच्या तुकड्यांच्या नोंदी साठवून, जोडून त्यावर विश्लेषण शिकवणारं कॉलेज मला नेहमीच सरस वाटतं.

पहिल्याच वर्षी प्राणी हाताळायला मिळतील अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. वन्यप्राणी पकडायला, कॉलर लावायला कायद्याची परवानगी लागते, संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि वटवाघळं किंवा मांसाहारी प्राणी हाताळणाऱ्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी लागते. हे कागद कोणाच्या नावावर आहेत ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढची चौकशी करायची गरजच नाही. फील्डला जाताना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं कोण बरोबर असतं आणि मोबाइलला रेंज नसेल तर निरोप कसा जातो, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

शिक्षकांची यादी बघताना वन्यजीवांवर स्वतः काम करणारे किती ते मोजा. तो एकच असेल, तर तो रजेवर गेला की शाखाच रजेवर जाते.

व्यवस्थापनाचा निम्मा भाग माणसांचा असतो, आणि कॉलेजं नेमका हाच पातळ करतात. पिकांची नासधूस, भरपाई, गावच्या बैठका, कायदा, अहवाल, अंदाजपत्रक. अमेरिकेतल्या ‘द वाइल्डलाइफ सोसायटी’ या १९३७ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी जीवशास्त्राबरोबर संख्याशास्त्र, धोरण-कायदा आणि लेखन-संवाद यांचे क्रेडिटही मोजले जातात. तिची विषयवारी कॉलेजच्या यादीशेजारी ठेवून बघा, काय गळलंय ते लगेच दिसतं. मुलाखती घेणं, प्रश्नावली तयार करणं हे कुठल्या पेपरात येतं? कुठेच नसेल, तर ही पदवी प्राणिशास्त्राची आहे, नाव तेवढं बदललंय. प्राणिशास्त्र शिकायचं असेल तर त्यात वाईट काही नाही, पण ते ठरवून शिका.

राहिला प्रश्न माजी विद्यार्थ्यांचा. भिंतीवरचे चार चमकते फोटो सोडा आणि दोन वर्षांपूर्वीच्या अख्ख्या तुकडीचा हिशेब मागा: किती जण होते, किती याच क्षेत्रात आहेत, किती पुढे शिकताहेत. त्यांतल्या दोघांशी तरी, कॉलेजने सुचवलेल्यांपैकी नव्हे तर तुम्ही शोधलेल्यांशी, फोनवर बोला. इंटर्नशिप कोणी मिळवून दिली, तिचे क्रेडिट मिळाले का, आणि काम करण्यासाठी उलट पैसे भरावे लागले का, एवढं विचारा. हंगामी कामांचे अर्ज हंगामाच्या कितीतरी महिने आधी निघतात, त्यामुळे हे फोन प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीच करायचे.