मिड सफोकची मतपेटी

सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना मी अनेकदा निवडणुकीची ड्युटी केली, आणि बहुतेक वेळा मतदाराच्या डाव्या तर्जनीला शाई लावण्याचे काम माझ्या वाट्याला आले. 4 मे 2023 रोजी मात्र मी इंग्लंडमधील मिड सफोक जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या सभागृहात, तिथल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणुकीसाठी मतदान लिपिक म्हणून बसले होते. येथे शाई नव्हती आणि बटणाचे यंत्रही नव्हते. कागदी मतपत्रिका, पत्र्याची मतपेटी आणि आडोशाच्या फळीला दोरीने बांधलेली एक पेन्सिल, एवढ्यावर सकाळी सात ते रात्री दहापर्यंत मतदान चालते. मतदार यादीत नावावर रेघ मारायची, मतपत्रिकेच्या क्रमांकापुढे मतदाराचा क्रमांक लिहायचा आणि मतपत्रिका हाती द्यायची, हे माझे काम. क्रमांकांची ती यादी नंतर सीलबंद होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडली जात नाही.

ही डिस्ट्रिक्ट कौन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषद नव्हे. शाळा, रस्ते आणि वृद्धांची देखभाल वरच्या काउंटी कौन्सिलकडे असते. डिस्ट्रिक्टकडे घरबांधणीचे परवाने, सामाजिक घरे आणि दारावरचा कचरा येतो. 1972 च्या कायद्यानुसार स्टोमार्केट हे शहर, आय हे जुने बरो (सनदी गाव) आणि आसपासचे तीन ग्रामीण जिल्हे एकत्र करून मिड सफोक तयार झाला. त्याची पहिली निवडणूक जून 1973 मध्ये झाली आणि 1 एप्रिल 1974 पासून कारभार सुरू झाला. येथे सर्व जागांसाठी दर चार वर्षांनी एकदम मतदान होते, त्यामुळे सत्ता पालटायची तर ती एका दिवसात पालटते. इंग्लंडमधल्या बऱ्याच कौन्सिलांत चारपैकी तीन वर्षे दरवेळी एकतृतीयांश जागाच निवडल्या जातात, तिथे असे सहसा घडत नाही.

त्या वर्षी एक गोष्ट सर्वांनाच नवी होती. 2022 च्या निवडणूक कायद्यामुळे इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र प्रथमच सक्तीचे झाले होते. पासपोर्ट, वाहन परवाना, ज्येष्ठांचा बसपास अशी ठरावीक कागदपत्रे चालत. राष्ट्रकुल देशांचे पासपोर्टही चालत, म्हणून माझा भारतीय पासपोर्ट चालला असता. मी मात्र ड्युटीमुळे टपालाने मत दिले होते, आणि टपालाच्या मताला छायाचित्र लागत नव्हते. ही तफावत मला त्या दिवशीही पटली नाही आणि आजही पटत नाही.

सकाळी दहाच्या सुमारास ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ काठी टेकत आले. केंद्राध्यक्षांच्या घरापासून त्यांचे तिसरे घर. 1973 पासून या कौन्सिलच्या प्रत्येक निवडणुकीत आपण याच सभागृहात मत दिले आहे, असे त्यांनी मला सांगितले. दृष्टी अधू झाल्यावर त्यांनी वाहन परवाना परत केला होता, आणि गावात बसच येत नसल्याने बसपास कधी काढला नव्हता. केंद्राध्यक्ष त्यांना चाळीस वर्षे ओळखत होत्या, तरी ओळखीच्या माणसाला सूट देण्याची तरतूद कायद्यात नाही. पासपोर्टची मुदत संपली असली तरी चालते, चेहरा जुळला म्हणजे झाले, असे त्यांनी समजावून सांगितले, आणि मी नकाराची नोंद तक्त्यात केली. ती नोंद करताना माझा हात जड झाला होता.

रात्री पावणेनऊला ते गृहस्थ परत आले. दिवसभर ट्रंका आणि कपाटे उपसून त्यांनी पासपोर्ट शोधला होता. त्यातले छायाचित्र बारा-तेरा वर्षांपूर्वीचे, केस थोडे दाट, पण चेहरा तोच. केंद्राध्यक्षांनी तो दोनदा पाहिला आणि मान हलवली. मी मतपत्रिका घडी उलगडून त्यांच्या हाती दिली.

शुक्रवारी मी मतमोजणीला होते. आधी प्रत्येक पेटीतील कागद मोजून केंद्राच्या हिशेबाशी ताडून पाहतात, आणि मागचा क्रमांक कोणाला दिसू नये म्हणून मतपत्रिका सतत उताणी ठेवतात. दोन सदस्यांच्या प्रभागात खरी कसोटी लागते. दोन्ही फुल्या एकाच पक्षाच्या उमेदवारांना असतील तर ते कागद एका गठ्ठ्यात जातात. फुल्या वेगवेगळ्या पक्षांना असतील तर एकीने नावे पुकारायची आणि दुसरीने तक्त्यावर रेघा ओढायच्या. उमेदवारांचे प्रतिनिधी टेबलापलीकडे उभे राहून डोळ्यांत तेल घालून पाहत असतात. फुलीऐवजी बरोबरची खूण असली, तरी मतदाराचा कल स्पष्ट असेल तर मत धरले जाते, आणि शंका असलेला प्रत्येक कागद निवडणूक निर्णय अधिकारी सर्वांना दाखवून निकाल देतात.

दुपार कलली तसा सभागृहातला गलका वाढला. 2015 मध्ये, जागा चाळीस असताना, ग्रीन पक्षाचे येथे पाच सदस्य होते. 2019 मध्ये जागा 34 झाल्या. तेव्हा हुजूर पक्षाला 16, ग्रीनला 12, लिबरल डेमोक्रॅटला 5 आणि एक अपक्ष, म्हणजे कोणालाच बहुमत नव्हते. त्या शुक्रवारी ग्रीनने 24 जागा घेतल्या आणि हुजूर पक्ष 6 वर आला. ग्रीन पक्षाला स्वबळावर बहुमत मिळालेली ही देशातील पहिली कौन्सिल. पुढे अँडी मेलन तिचे नेते झाले. बाहेरच्यांना हा चमत्कार वाटला, पण गठ्ठे बांधणाऱ्या आम्हाला तसे वाटण्याचे कारण नव्हते. ही मंडळी वर्षानुवर्षे दारोदार फिरत होती, आणि एकदा निवडून आलेला सदस्य पुढच्या वेळी शेजारचा प्रभागही ओढून आणत होता.

शनिवारी राजाच्या राज्याभिषेकानिमित्त त्याच सभागृहात गावाचे एकत्र जेवण होते. त्या गृहस्थांनी मला हाक मारली आणि निकाल विचारला. मी आकडे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “आता ते मोफत मिळणारे मतदार प्रमाणपत्र काढायला हवे, दरवेळी ट्रंका कोण उपसणार?” पुढच्या आठवड्यात मी त्यांना अर्ज नेऊन दिला. त्यांनी तो माझ्यासमोरच सावकाश भरला, आणि छायाचित्रासाठी स्टोमार्केटला घेऊन जा म्हणून मुलीला फोन लावला.