पकडलेलं मांजर परत तिथेच का सोडता?

हातात मांजर असलेला पिंजरा दिसला की लोकांचे चेहरे खुलतात. दोन-तीन दिवसांनी तेच मांजर त्याच जिन्याखाली सोडताना दिसले, की तेच लोक कपाळाला आठ्या घालून विचारतात, "एवढं पकडलंत, नसबंदी केलीत, मग परत इथेच? लांब का नाही सोडून येत?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लांब सोडूनही पाहिलंय मी. सुरुवातीला एका भांडकुदळ बोक्याला नदीपलीकडे सोडून आले होते. तो परत आला नाही. महिन्याभरात त्याच्या जागी दोन नवे आले.

मांजरं येतात ती जागेमुळे. उघडा कचरा, उंदीर, बसायला आडोसा, रोज खायला घालणारं कुणीतरी, हे सगळं तिथंच राहतं. जागा रिकामी झाली की शेजारची मांजरं सरकतात, आणि ती नसबंदी न झालेली असतात. सोडलेल्या मांजराचे हाल वेगळेच. पाणी कुठे, लपायचं कुठे, काही माहीत नाही. वर तिथली मांजरं उभं राहू देत नाहीत. त्यामुळे 'लांब सोडलं' याला मी सुटका म्हणत नाही.

खरी शर्यत वेताशी असते. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. जेमतेम नऊ आठवड्यांत विते, एका वेताला तीन-चार पिल्लं सहज, आणि ती दूध पीत असतानाच पुन्हा गाभण. म्हणून दहातल्या दोघींना पकडून समाधान मानलं तर वर्षाअखेरीस आकडा होता तिथेच, कदाचित पुढे. एका जागेवरची बहुतेक सगळी थोड्याच काळात उरकावी लागतात. मग मात्र रात्रीचं ओरडणं, मारामाऱ्या, बोक्यांच्या फवाऱ्याचा तो उग्र वास हळूहळू कमी होतो. भुलीत असतानाच रेबीजची लसही टोचून घेता येते, आणि एका कानाचं टोक कापतात. तो कान लांबून दिसतो, त्यामुळे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही.

हे कागदावर सोपं. प्रत्यक्षात एखादी भेटते. आमच्याकडच्या एका करड्या भाटीला आम्ही इन्स्पेक्टरीण म्हणायचो. पिंजऱ्याला प्रदक्षिणा घालायची, पंजा आत घालून खाऊ बाहेर ओढायची, आणि आतल्या पट्टीवर, जिच्यावर पाय पडला की दार बंद होतं, चुकूनही पाय ठेवायची नाही. शेवटी काठीवर तिरपा टेकवलेला पिंजरा आणला. काठीला दोरी, दोरीच्या टोकाला मी, आणि माझ्या पायाला डास. तिसऱ्या संध्याकाळी ती पूर्ण आत शिरली, मी दोरी ओढली. धडपड सुरू होताच वर चादर टाकली. अंधार झाला की मांजर शांत होतं, हे एकच शहाणपण त्या दिवशी कामाला आलं.

दवाखान्यात भूल दिल्यावर डॉक्टरांनी तिचं पोट दाखवलं. आचळांभोवतीचे केस झडलेले, दूध येत होतं. म्हणजे पिल्लं कुठेतरी वाट बघत होती. एरवी भाटीला दोन-तीन दिवस ठेवून घेतो, पण हिची शस्त्रक्रिया लगेच उरकून दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचं ठरलं. (नसबंदीने दूध आटत नाही, हा प्रश्नही नेहमी येतो.)

"पक्ष्यांचं काय?" असं कुणी विचारलं तर माझी मान खाली जाते. नसबंदी झालेलं मांजरही शिकार करतं. म्हणून पक्षी घरटी करतात तिथे खाऊ ठेवू नका, आणि कुठेही ठेवलात तरी ठरल्या वेळी ठेवून उरलेलं उचला, असं मी खायला घालणाऱ्यांच्या कानीकपाळी ओरडते. निम्मे रागावतात.

सकाळी पिंजऱ्याचं दार उघडलं, तर करडी बाणासारखी सुटली आणि भलत्याच दिशेला गेली. आम्ही कोपऱ्याआड बसून राहिलो. अर्ध्या तासाने भिंतीवरून, मागे वळून बघत बघत, ती मोडक्या टाकीच्या मागे उतरली. आतून बारीक आवाज आले. तीन पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेली. माणसाळवून घरं शोधायला अजून पाच-सहा आठवडे हातात होते.