वाचलंय, पण उत्तर नाही

पूर्वी उत्तर यायला उशीर झाला की दोष द्यायला भरपूर जागा होत्या. पत्र गहाळ झालं असेल, पत्ता चुकला असेल, निरोप नेणाराच विसरला असेल. फोन कुणी उचलला नाही, तर घरी नसतील. या सगळ्या शक्यतांच्या आडोशाला कितीतरी नाती सुखाने नांदली. आता तो आडोसा गेलाय. संदेश पोचला, उघडला, अमुक वाजून तमुक मिनिटांनी उघडला, हे यंत्र न विचारता सांगतं. साक्षीदार इतका प्रामाणिक, की त्याला फितवताही येत नाही.

गंमत म्हणजे जगातल्या पहिल्याच एसएमएसला उत्तर आलं नव्हतं. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून नाताळच्या दोन शब्दांच्या शुभेच्छा पाठवल्या. ज्यांना त्या मिळाल्या, त्या रिचर्ड जार्व्हिस यांच्या फोनवर मजकूर लिहिण्याची सोयच नव्हती. किती निर्मळ सबब! आज असा फोन कुणी बाजारात आणला, तर मी पहिल्या रांगेत उभा राहीन.

मग नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन टिका निळ्या व्हायला लागल्या. त्याआधीही दोन टिका दिसत होत्याच, पण त्यांचा अर्थ फक्त 'फोनपर्यंत पोचला' एवढाच होता. निळ्या रंगाने 'डोळ्यांपर्यंत पोचला' हे सांगितलं आणि अबोल्याला पुरावा मिळाला. रुसायला कारण लागतं, ते आता घरपोच मिळतं.

एवढं वाचून मी तंत्रज्ञानाच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतला वाटेन. तसा मी अधूनमधून असतोही. पण 'या मेसेजांनी माणसामाणसातलं बोलणं संपवलं' असं कुणी म्हणालं, की मला विचारावंसं वाटतं, कुणाचं बोलणं? टेलिफोनचं पेटंट १८७६ मध्ये घेणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल कर्णबधिरांना शिकवत असत. त्यांच्या आईला ऐकू कमी येई आणि पत्नी तर बहिरीच होती. म्हणजे ज्या यंत्राचं सगळ्या जगाने कौतुक केलं, त्याचा त्यांच्या घरातल्याच दोघींना काही उपयोग नव्हता. पुढे १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्त या स्वतः बहिऱ्या असलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारांवरून टंकलिखित मजकूर पाठवायची युक्ती काढली, तेव्हा कुठे कर्णबधिरांना टेलिफोन वापरता येऊ लागला. तोही अवजड यंत्रं जोडून. खिशातल्या फोनवर दोन ओळी लिहून पाठवणं ही आपल्याला बोलणं टाळायची पळवाट वाटते. त्यांच्यासाठी ती बोलण्याचीच वाट होती. याच्या उलट, ज्यांना लिहायचा सराव नाही ते आवाज रेकॉर्ड करून पाठवतात आणि लांबच्या नातवाशी मनसोक्त बोलतात. (त्यातले काही पाच-पाच मिनिटं बोलतात आणि मुद्दा शेवटच्या वाक्यात येतो. पण ते प्रत्यक्षातही तसंच बोलतात, त्यात फोनचा काय दोष?)

त्या निळ्या टिकांचीही दुसरी बाजू आहे. मूल दूरच्या शहरात आहे, तिकडे वादळ आल्याची बातमी आहे, फोन लागत नाही. अशा वेळी उत्तर नसलं तरी चालतं, टिका निळ्या झाल्या की जीव भांड्यात पडतो. एरवी ज्या गोष्टीचा राग येतो, तीच त्या रात्री झोप देते.

मला खरी खुपते ती वेगळीच बाब. रात्री अकराला वरिष्ठांचा मेसेज येतो, आपण चुकून उघडतो, आणि 'वाचलंय' हे त्यांना कळल्या क्षणी आपण पुन्हा कामावर रुजू झालेलो असतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. घरी गेल्यावर माणूस घरी असतो, एवढ्यासाठीही कायदा लागला!

आपणही हुशार झालोय म्हणा. वरच्या पट्टीतून अर्धा मेसेज वाचायचा, नेट बंद करून उरलेला वाचायचा, मग दोन तासांनी 'अरे, आत्ताच बघतोय' असं कळवायचं. थाप मारायची माणसाची हौस कुठलंही यंत्र मोडून काढू शकलेलं नाही, याचा मला का कोण जाणे, दिलासा वाटतो.

निळ्या टिका सेटिंगमधून बंदही करता येतात. अट एकच: आपण लपवल्या की समोरच्याच्याही आपल्याला दिसत नाहीत. सौदा अगदी न्याय्य आहे, आणि म्हणूनच मला परवडत नाही. माझ्या चालूच आहेत.