पित्ताची गोळी: कधी, किती दिवस, आणि कुणी थांबवू नये

बार्शीत आमचं मेडिकल आहे आणि काउंटरवर दिवसभर मी असते. आमच्याकडे पित्ताच्या गोळ्यांचा कप्पा सगळ्यात लवकर रिकामा होतो. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल. अँटिबायोटिक दिलं की सोबत ही गोळी, गुडघ्याची गोळी दिली की सोबत ही गोळी. इतकी सवय झालीय की घरात कोण कोण औषधं घेतं असं विचारलं, तर लोक ही गोळी मोजतच नाहीत. "ताई, ती गॅसची द्या की एक स्ट्रिप," एवढंच. मला याची खरोखर काळजी वाटते, म्हणून काउंटरवर घाईत सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहितेय.

आधी वेळेचं बघू, कारण गोंधळ तिथेच सुरू होतो. चिठ्ठीवर १-०-० आणि 'जेवणाआधी' असं लिहिलेलं असतं. घरी पोचेपर्यंत त्याचं 'रिकाम्या पोटी' होतं. मग पहाटे पाचला उठलेले काका चूळ भरून गोळी घेतात, चहा पितात, रानात जातात आणि भाकरी खातात अकराला. वर तक्रार करतात, "गोळी लागू पडंना."

जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. आपण खायला लागलो की ते मोठ्या संख्येनं चालू होतात. ही गोळी फक्त चालू असलेले पंप बंद करू शकते, निजलेल्या पंपांना तिचा काही उपयोग होत नाही. आणि औषध रक्तात जेमतेम काही तास टिकतं. पाचला घेतलेली गोळी अकराच्या भाकरीपर्यंत जवळजवळ निघून गेलेली असते. म्हणून पोट रिकामं असणं पुरत नाही. गोळीनंतर अर्ध्या ते एक तासात नीट खाणं पोटात गेलं पाहिजे. त्या काकांना मी सांगितलं, गोळी डब्याबरोबर रानात न्या आणि भाकरीच्या अर्धा तास आधी घ्या. ज्याचं खरं जेवण रात्री होतं, त्यानं डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीच्या जेवणाआधी घ्यावी.

एकदा बंद झालेला पंप पुन्हा चालू होत नाही, शरीराला नवा बनवावा लागतो. त्यामुळे औषध रक्तातून गेलं तरी परिणाम दिवसभर राहतो. पण सगळे पंप एका दिवसात सापडत नाहीत, पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस जातात. मिसळ खाल्ल्यावर जळजळ झाली म्हणून तेवढ्यापुरती ही गोळी घेण्यात फारसा अर्थ नाही. त्या वेळी पातळ अँटासिड, म्हणजे पोटातलं आम्ल लगेच मारणारं औषध, जास्त उपयोगी पडतं. गोळी चावू नका, कुटू नका, मोडून अर्धी करू नका. पोटातल्या आम्लानं हे औषध स्वतःच नासतं, म्हणून तर वर आवरण दिलेलं असतं. डॉक्टरांनी डोस निम्मा केला तर ४०ची मोडू नका, २०ची मागा.

आता किती दिवस. साध्या आम्लपित्ताला सहसा चार ते आठ आठवडे देतात. जठरात अल्सर करणाऱ्या एच. पायलोरी जंतूसाठी अँटिबायोटिक्ससोबत बहुधा चौदा दिवस. आमच्याकडे मात्र चिठ्ठी वर्षानुवर्षं चालते. वैरागच्या एक मावशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली चिठ्ठी आणायच्या. घडीवर कागद फाटलेला, डॉक्टरांची सही पुसट झालेली, फक्त गोळीचं नाव तेवढं वाचता यायचं. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "पायाला मुंग्या येतात गं, साखरेमुळं असंल." साखर होतीच, त्यासाठी मेटफॉर्मिनही चालू होतं. शिवाय मावशी माळकरी, म्हणजे अंडं-मटण नाही. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं. तेच गोळीनं कमी केलेलं, मेटफॉर्मिननंही बी-१२ कमी होतं, आणि आहारात फक्त दूध-दही. मी त्यांना डॉक्टरांना भेटून बी-१२ तपासायला सांगितलं. ते खूपच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, मुंग्या कमी झाल्या, आणि डॉक्टरांनी पित्ताच्या गोळीचाही नव्यानं विचार केला. आपल्या भागात माळकरी, मधुमेही आणि पित्ताची गोळी घेणारी अशी किती माणसं असतील! दोन-तीन वर्षं गोळी चालू असेल तर ही तपासणी मागून घ्या.

दीर्घकाळ घेणाऱ्यांत मॅग्नेशियम कमी होऊन पायात गोळे येऊ शकतात, हाडं मोडण्याचा धोका थोडा वाढलेला आढळतो, जुलाबाचे काही जंतू सोपे शिरकाव करतात. लोहाच्या गोळीचा आणि थायरॉईडच्या गोळीचा गुण कमी पडू शकतो, म्हणून पित्ताच्या गोळीसोबत यातली एखादी चालू असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

गोळीच्या नावाची शेपूटही वाचा. शेवटी 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर आत डॉमपेरिडोनही आहे. ते मळमळीचं औषध आहे आणि काही जणांत हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून हृदयरोग्यांनी आणि वयस्करांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ साली ते शक्यतो आठवड्याच्या वर देऊ नये असं सांगितलं. आपल्याकडे तेच महिनोन् महिने चालतं, हे मला अजिबात पटत नाही. 'एल' किंवा 'एलएस' असेल तर बहुधा लेव्होसुल्पिराइड असतं. त्यानं म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरू शकतात आणि घरच्यांना वाटतं वयामुळं होतंय.

"बंद केली की दुप्पट जळजळ होते, म्हणजे मला गोळी लागतेच" हे रोज ऐकते. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पित्ताचा काहीही त्रास नसलेल्या लोकांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिलं. थांबवल्यावर त्यांतल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला; औषध नसलेली खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. इतके दिवस दाबलेलं आम्ल उसळून वर येतं. हा त्रास हळूहळू ओसरतो. डॉक्टर डोस कमी करत नेतात, मधल्या दिवसांत अँटासिड देतात.

काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर माझ्याकडे गोळी मागायला येऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा. छातीत जळजळीबरोबर घाम फुटला, जबडा किंवा डावा हात दुखला तर आधी ईसीजी. गॅस समजून रात्र काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि हे सगळं वाचून कुणी आपणहून गोळी बंद करू नका. अल्सरमधून रक्त गेलेले, संधिवातासाठी रोज दुखण्याच्या गोळ्या घेणारे, हृदयात स्टेंट बसवून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणारे, यांच्या पोटाला ही गोळी सांभाळते. स्टेंटवाल्यांनी फक्त कोणती गोळी आहे ते बघावं. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा गुण कमी करतात, पॅन्टोप्राझोलचा तो त्रास बराच कमी आहे. स्ट्रिपवर यातलं पहिलं किंवा दुसरं नाव दिसलं, तर ती स्ट्रिप आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, आणि ते बदलून देईपर्यंत पित्ताची आणि क्लोपिडोग्रेलची, दोन्ही गोळ्या चालू ठेवा.